घरांतील आमरी कां कुजते?



आमरीचें फूल आज शहरांतील घरांना नवें राहिलेलें नाहीं. इंग्रजींत जिला ऑर्किड म्हणतात तीच ही आमरी. लग्नांत, सत्कारांत, दिवाळीच्या भेटींत तिची कुंडी हातीं पडते. दोन-अडीच महिने फुलें टिकतात, घरचीं माणसें व आलेगेले कौतुक करतात. मग फुलें गळतात आणि पुढच्या पावसाळ्यांत एके दिवशीं सकाळीं मधलें पान अलगद हातांत येतें. कोणीं ओढलें नाहीं, तोडलें नाहीं. नुसतें बोट लागलें आणि पान सुटलें. त्याच्या बुडाशीं पाहावें तों तें काळें आणि पाणचट झालेलें असतें. सासूबाई म्हणतात, पाणी कमी पडलें. सूनबाई म्हणतात, पाणी फार झालें. माझ्या मतें दोघींचेंहि निदान अर्धें आहे. आमरी पाण्यानें कुजत नाहीं, ती थांबलेल्या पाण्यानें कुजते. हल्लीं खोलींत विजेच्या दिव्याखालीं झाडें वाढविण्याची जी रीत पडली आहे, तींत पाण्याला थांबावयास फारच सोयीचें झालें आहे.

मी राहतों तें पोहरादेवी हें गांव वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळें बंजारा समाजाचें हें मोठें तीर्थक्षेत्र. रामनवमीच्या यात्रेला दूरदूरच्या तांड्यांतून माणसें येथें येतात. आमरीच्या शौकासाठीं या गांवाचें नांव कोणीं ऐकलें नसेल, आणि त्यांत नवल नाहीं. वैशाखांत येथला पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, आणि श्रावणांत भिंतींना ओल येते. नाजूक झाडाला हे दोन्ही मोसम वैऱ्यासारखे. तरी आपल्या विदर्भाच्या कोरड्या रानांत मोहाच्या, आंब्याच्या खोडांवर एक आमरी आपली आपण वाढते. शास्त्रज्ञ तिला वांदा टेसेलाटा म्हणतात. यांतील 'वांदा' हा शब्द मूळचा आपलाच आहे. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला संस्कृतांत 'वन्दा' म्हणतात. कलकत्त्याचे विद्वान न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस तो शब्द उचलून वनस्पतिशास्त्रांत नेला. खेड्यांतील माणसें मात्र तिला बांडगूळ समजतात, हा तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ यजमान झाडाचा रस पितें; आमरी झाडावर नुसती बसते, त्याचें कांहीं खात नाहीं.

आतां विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, मृगापासून हस्तापर्यंत हिच्या अंगावर पाऊस पडतो. झडीच्या दिवसांत ती आठ-आठ दिवस चिंब असते. तिला छत्री नाहीं, औषध नाहीं, माळी नाहीं. तरी ती कुजत नाहीं. तिचीच बहीण आपल्या दिवाणखान्यांत आठवड्याला एक पेला पाणी पिऊन कुजते. या कोड्याचें उत्तर मुळांपासून शोधूं.

आमरीचीं मुळें मातींत राहण्यासाठीं घडलेलीं नाहींत. त्यांच्याभोंवतीं मेलेल्या, पोकळ पेशींचें एक जाड आवरण असतें. टिपकागद शाई टिपतो तसें तें पाणी टिपतें. पाऊस आला कीं हें आवरण क्षणांत भरतें, आणि पाऊस थांबला कीं वाऱ्यानें वाळूं लागतें. वाळलेलें मूळ रुपेरी दिसतें. ओलें झालें कीं आवरण पारदर्शक होऊन आंतला हिरवा रंग वर येतो. आमरीला पाणी कधीं घालावें याचें घड्याळ झाडानेंच आपल्या मुळावर असें बांधून ठेविलें आहे, आणि आपण मात्र भिंतीवरचें पंचांग पाहून पाणी घालतों! मुळालाहि श्वासासाठीं प्राणवायु लागतो. आवरण दिवसेंदिवस पाण्यानें भरलेलें राहिलें तर हवा आंत शिरत नाहीं, मूळ गुदमरतें, आणि गुदमरलेल्या मुळांत कुजविणारे जंतु सुखानें घर करतात. सालीला चिकटलेल्या उघड्या मुळावर हा प्रसंग येत नाहीं. कुंडींत कोंबलेल्या मुळावर तो रोजचा.

दुसरी गोष्ट शेंड्याची. बाजारांत बहुधा मिळते ती आमरी फॅलिनॉप्सिस जातीची. पतंगासारखीं फुलें येतात म्हणून तिला हें ग्रीक नांव मिळालें. फिलिपाईन्स, इंडोनेशिया वगैरे बेटांच्या रानांत ही खोडाला आडवी लटकते. पानें खालीं झुकलेलीं असल्यामुळें पावसाचें पाणी टोकावरून ओघळून जातें. आपण तीच कुंडींत उभी लावतों. उभी केली कीं पानांच्या मध्यें अगदीं द्रोण तयार होतो. त्या द्रोणाच्या तळाशीं झाडाचा एकुलता एक कोंब असतो, आणि आपण पाणी घालतों तें बरोबर त्या द्रोणांत.

आतां दिव्याकडे वळूं. सूर्य झाडाला उजेड, ऊब आणि वारा या तीन गोष्टी एकदम देतो. वारा हेंहि सूर्याचेंच देणें. तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यावयास दुसरी धांवते. हल्लींचे एलईडी दिवे उजेड भरपूर देतात, ऊब थोडी देतात आणि वारा मुळींच देत नाहींत. ज्याला शंका असेल त्यानें दोन रुमाल सारखे भिजवून पिळावे, एक खिडकीशीं वाऱ्यावर पसरावा आणि दुसरा दिवा लावलेल्या कांचेच्या बंद कपाटांत पसरावा. खिडकीशीं ठेवलेला वाळला तरी कपाटांतला दमटच राहील. पानाला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो. तो वाफेनें भरला आणि जागचा हालला नाहीं, तर वर दिवा कितीहि झगझगीत असो, पान वाळत नाहीं.

याहून मोठी गंमत दिवा मालवल्यावर होते, आणि तेथें थोडें गणित केलें पाहिजे. ३० अंश सेल्सियस उष्णतेची एक घनमीटर हवा सुमारें ३० ग्रॅम वाफ बाळगूं शकते. २० अंशांच्या हवेंत सुमारें १७ ग्रॅमच मावतात. कार्तिकांतल्या एखाद्या संध्याकाळीं दिव्याखालच्या बंद कपाटांत ३० अंश उष्णता आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेंत वाफ झाली १८ ग्रॅम. रात्रीं दहाला दिवे गेले आणि पहाटेपर्यंत हवा २० अंशांवर उतरली. आतां जागा १७ ची आणि ऐवज १८ चा. उरलेली वाफ पाणी होऊन कांचेवर, पानावर आणि त्या द्रोणाच्या तळाशीं बसते. घरच्या माणसांनीं सबंध दिवसांत थेंबभर पाणी घातलेलें नसतें, तरी सकाळीं शेंडा ओला. "आम्हीं तर पाणीच घातलें नाहीं," असें जें पुष्कळ जण सांगतात तें या अर्थानें खरें असतें.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत हाच घोटाळा फार मोठ्या प्रमाणावर झाला. उष्ण देशांतल्या झाडाला तापलेलें, ओलें आणि कोंडलेलें घर हवें, अशी त्या काळीं तेथल्या माळ्यांची समजूत होती. कांचघरांत भट्ट्या पेटवून, दारें बंद करून ते आमऱ्या ठेवीत, आणि जहाजांनीं आणलेलीं झाडें ढिगांनीं कुजून जात. डेव्हनशायरच्या ड्यूकनें १८३५ सालीं जॉन गिब्सन नांवाच्या तरुण माळ्यास हिंदुस्थानांत धाडलें. खासी टेकड्यांतून त्यानें जमविलेल्या आमऱ्या १८३७ सालीं चॅट्सवर्थ येथील बागेंत पोंचल्या. तेथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन. पुढें १८५१ सालच्या लंडनच्या प्रदर्शनासाठीं क्रिस्टल पॅलेस उभारणारा तो हाच. त्यानें कांचघरांत हवा खेळती ठेवली, भट्टीचा ताप कमी केला, आणि झाडें जगूं लागलीं. आजचें दिव्याचें कपाट म्हणजे पॅक्स्टनच्या आधींचें कांचघरच. फक्त आकारानें लहान आणि दिसावयास सुबक.

कुजविणारा प्राणी कोण, हें आमच्या विदर्भांतील संत्र्याच्या बागाईतदाराला विचारावें. संत्र्याच्या बुंध्याशीं साल तडकते, डिंक वाहतो आणि झाड हळूहळू बसतें. त्या रोगाला बागाईतदार डिंक्या म्हणतात. तो ज्या फायटोफ्थोरा नांवाच्या जीवामुळें होतो, त्याचेच भाऊबंद आमरीचा शेंडा काळा करतात. १८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याचें पीक कुजवून जो भयंकर दुष्काळ पडला तोहि याच कुळाचा प्रताप. हा बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नव्हे. पाण्यांतल्या शेवाळांशीं त्याचें नातें अधिक जवळचें. त्याचे बीजकण दोन बारीक शेपट्यांच्या बळावर पाण्यांत पोहतात. पोहावयास त्यांना विहीर लागत नाहीं. पानावरचा पाण्याचा पातळ पापुद्रा पुरतो. परंतु तो पापुद्रा हवाच, आणि कांहीं तास टिकावयास हवा. म्हणूनच जाणता बागाईतदार संत्र्याला दुहेरी आळें करतो. आंतल्या आळ्यानें बुंधा कोरडा राहतो आणि पाणी फक्त बाहेरच्या आळ्यांत फिरतें. झाडाची तहान भागावी पण गळा भिजूं नये, ही ती युक्ति आहे. आमरीलाहि हेंच करावयाचें आहे. आळ्याच्या जागीं कुंडी आहे, एवढेंच.

दुसरा शत्रु जिवाणूंचा. त्यांची कूज मऊ असते. पानावर तेल सांडल्यासारखा पाणचट डाग पडतो, दोन-तीन दिवसांत सबंध पान लिबलिबीत होतें, आणि बहुधा घाण येते. फायटोफ्थोराच्या काळ्या कुजीला तशी घाण येत नाहीं. डाग काळसर-जांभळट व कडेला पिवळी झांक असलेला. ओळख पटविण्यास नाकाचा असा उपयोग होतो. जिवाणु जखमेंतून शिरतात, म्हणून पानें उगाच मुरगळूं नयेत, पुसतांना खरडूं नयेत.

घरांत करावयाचें तें आतां सांगतों.

पहिली गोष्ट पंख्याची, आणि माझ्या मतें निम्मी लढाई तेथेंच जिंकली जाते. संगणकांत बसवितात तसला लहान पंखा पुरे. वारा झाडावर थेट आदळूं नये. भिंतीवर आपटून परतावा, पान किंचित् हालावें, इतकाच. पुष्कळ लोक काटकसर म्हणून दिव्याबरोबर पंखाहि बंद करतात. ही उलटी काटकसर आहे. दंव पडावयाचें तें रात्रीं. शिवाय फॅलिनॉप्सिसची तऱ्हा अशी कीं, ती दिवसां आपलीं पर्णरंध्रें बहुतेक मिटून ठेवते आणि कर्बवायु आंत घेते तो रात्रीं. तिला ताज्या हवेची गरज रात्रींच अधिक. तेव्हां एखादे वेळीं दिवा बंद राहिला तरी चालेल, पंखा बंद राहूं नये. भारनियमनानें वीज गेली तर कपाटाचें दार उघडून ठेवावें. दोन-चार तास अंधारांत गेल्यानें आमरी मरत नाहीं, पण कोंडलेल्या दमटींत तेच तास महाग पडतात.

पाणी सकाळीं, दिवा लागल्याबरोबर घालावें, म्हणजे दिवा मालवण्यापूर्वीं पानें वाळावयास सबंध दिवस मिळतो. घालावयाचें तें कुंडीच्या कडेनें, आणि तळाच्या भोंकांतून भळभळा वाहून जाईपर्यंत. थोडें थोडें चमचाभर घालण्याची पद्धत वाईट. तिनें वरचें कोरडें राहतें आणि मधलें कायम ओलें. शेंड्यांत थेंब गेलाच तर समईची कोरडी वात त्यांत टेकवावी. ती पाणी ओढून घेते. किती दिवसांनीं घालावें, हा प्रश्न मला नेहमीं विचारण्यांत येतो. त्याला दिवसांत उत्तर नाहीं. वैशाखांत तीन दिवसांत मुळें रुपेरी होतील, भाद्रपदांत दहा दिवसांतहि होणार नाहींत. मुळें रुपेरी दिसलीं आणि कुंडी उचलून हलकी लागली, तर घालावें. दिव्याच्या उजेडाचाहि येथें संबंध आहे. मंद दिव्याखालीं झाड सावकाश वाढतें आणि पाणीहि कमी पितें. पानें अगदीं गडद हिरवीं असतील तर उजेड कमी पडतो असें समजावें. किंचित् पिवळसर हिरवा रंग ठीक. तांबूस झांक आली तर दिवा फार जवळ आहे. दिवसाला बारा तास दिवा पुरे. चोवीस तास दिवा जाळून झाड दुप्पट वाढत नाहीं.

कुंडीविषयीं मी जरा आग्रही आहें. बाजारांतून आमरी येते ती बहुधा पातळ प्लास्टिकच्या पेल्यांत, शेवाळाच्या घट्ट गोळ्यांत लावलेली. दूरच्या प्रवासाला ती सोय ठीक; घरांत तो गोळा वरून खडखडीत दिसतो आणि आंत आठवडेच्या आठवडे ओला असतो. फुलें गेल्यावर तो काढावा. जीं मुळें दाबल्यावर मऊ, पोकळ लागतात आणि ज्यांचें आवरण मोज्यासारखें सुटून आंतला दोरा उरतो तीं मेलेलीं. तीं कापून टाकावीं. घट्ट आहेत तीं, रंगानें तपकिरी असलीं तरी, ठेवावीं. नवी कुंडी मातीची, बाजूंना भोंकें असलेली घ्यावी. कुंभाराला सांगितल्यास तो भाजण्यापूर्वीं पाडून देतो. तींत लाकडी कोळसा, विटांचे सुपारीएवढे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरावे. सोडण आधीं दोन-तीन वेळां पाणी बदलून भिजवावें, म्हणजे त्यांतला खार निघून जातो. दोन वर्षांत सोडण स्वतःच कुजून मातीसारखें होतें आणि पाणी धरूं लागतें, तेव्हां बदलणें भाग आहे. आणि ती कुंडी शोभेच्या चिनीमातीच्या भांड्यांत बसवून ठेवूं नये. त्या भांड्याच्या तळाशीं साचलेलें बोटभर पाणी कोणाला दिसत नाहीं, मुळांना मात्र तें रात्रंदिवस लागतें. दिवाणखान्यांत मेलेल्या आमऱ्यांपैकीं निम्म्या तरी या भांड्यानें मेल्या असतील, असा माझा कयास आहे.

एका तबकांत पांच-सहा कुंड्या एकत्र ठेवून सर्वांचें पाणी एकमेकींत मिसळूं देणें, हेंहि टाळावें. पोहणाऱ्या बीजकणांना तो तयार कालवाच होतो.

इतकें करूनहि कूज दिसलीच, तर त्याच घटकेला हालचाल करावी. उद्यां पाहूं म्हटल्यास उद्यां पाहावयास पान उरत नाहीं. झाड इतरांपासून दूर न्यावें. चाकूचें पातें ज्योतीवर धरून तापवावें, थंड होऊं द्यावें, आणि डागाच्या कडेपासून बोटभर आंत, हिरव्या भागांत कापावें. दुसरा काप घेण्यापूर्वीं पातें पुन्हां तापवावें. पानाच्या जखमेवर दालचिनीची बारीक पूड चेपावी. ती जखम लवकर वाळविते. मुळांवर मात्र ती टाकूं नये, कारण मुळेंहि तशींच वाळतात. बागाईतदार बुंध्याला मोरचूद व चुन्याचा लेप देतात तो आमरीवर, विशेषतः डेंड्रोबियम जातीवर, देऊं नये. तांब्यानें तिचे कोंवळे भाग जळतात. मग कांहीं दिवस पाणी बंद आणि पंखा चालू.

एक झाड गेलें म्हणजे दुसरें आणावयाचें, हें शहरांत सोपें वाटतें. कुंडींतली फॅलिनॉप्सिस प्रयोगशाळेंतल्या बाटलींत वाढलेली असते, तेथवर हरकत नाहीं. पण कोणी रानांतून ओरबाडून आणलेली आमरी विकावयास आणली तर ती घेऊं नये, मग ती सीतेची वेणी असो कीं आपला साधा वांदा. आमरीच्या एका बोंडांत लाखों बीं असतें, पण त्या धुळीसारख्या बियांत अन्नाचा सांठा जवळजवळ नसतो. एका विशिष्ट बुरशीनें तिला आपलें अन्न पुरविलें तरच ती रुजते. ही गोष्ट नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९९ सालीं प्रथम ओळखली. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंत लुईस नडसन यांनीं बुरशीऐवजीं साखर देऊन बाटलींत बीं रुजविलें, आणि तेथून आमरी बाजारांत स्वस्त झाली. गमतीची गोष्ट ही कीं, बियांना दूध पाजणाऱ्या या बुरशींचें नातें ज्या घराण्याशीं आहे, त्याच घराण्यांतल्या कांहीं जणी मुळें कुजविण्यासहि कारण होतात. रानांत मात्र अशी दाई भेटून, रुजून, फुलावर यावयास आमरीला कित्येक वर्षें लागतात. आणि दिवाणखान्यांत ती एका पावसाळ्यांत जाते.

राहिली शेंडा गेलेल्या झाडाची गोष्ट. फॅलिनॉप्सिस एकाच टोकानें वाढते. तें टोक कुजलें कीं वरून नवें पान येत नाहीं. तरी तें झाड लगेच उकिरड्यावर टाकूं नये. खालचीं दोन पानें आणि मुळें घट्ट असलीं, तर कूज साफ कापून झाड कोरड्या, वाऱ्याच्या जागीं, दिव्यापासून थोडें दूर ठेवावें आणि पाणी फक्त मुळांपुरतें द्यावें. दोन-चार महिन्यांत कधीं कधीं बुडाच्या बाजूनें एक हिरवा डोळा फुगतो आणि त्यांतून पिल्लूं निघतें. त्याला स्वतःचीं दोन-तीन बोटभर लांबीचीं मुळें फुटेपर्यंत आईपासून तोडूं नये.